दुसरी बाजू अजून तुटलेलीच आहे

सन्माननीय अध्यक्ष सरपंच तेजस्विनीताई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या इंटरनेट केबलच्या इंजिनियर अंजली मॅडम, आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो, जयभीम, नमस्कार.

बोलायला उशिरा उभा राहिलो, माफी असावी. केरूच्या द्राक्षबागेपाशी थांबलो होतो, केबल जोडायला कुणी आलंय का बघायला. कुणी आलेलं नाही.

मी चौथी शिकलेला. आमच्या मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, लताबाईच्या छातीचा आलेख, तो ईसीजी, इथल्या आरोग्य केंद्रातून नाशिकच्या डॉक्टरांकडे याच केबलवरून जातो. ती तुटली तर? मी मॅडमना विचारून विचारून जेरीस आणलं. त्या म्हणाल्या, "बाबा, केबलची रिंग आहे. एक वाट निफाडकडून, दुसरी सिन्नरकडून. एरवी मध्ये एक दार बंद ठेवतो, नाहीतर निरोप नुसते गोल गोल फिरत बसतील, तुमच्यासारखे!" हसा, हसा. "कुठे तुटलं की यंत्रांना कळतं. ते दार उघडतं, सगळं उलट्या वाटेनं जातं. तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

तसंच झालं. केरूनं ठिबकच्या पाइपासाठी चर खणला, निफाडकडची केबल तुटली, तरी लताबाईचा आलेख पोचला! मॅडम, हे उपकार कसे फेडू? पण केरूनं वर माती लोटली. विचारलं तर म्हणतो, "फोन चालूय ना तात्या? मग तुटलं काय?" मॅडमनी तक्रार टाकली, तर वरचे साहेबही तेच म्हणाले: सेवा सुरू आहे, घाई कसली?

घाई कसली? अहो, आता एकच वाट उरलीय! सोमवारपासून सिन्नरच्या बाजूला रस्त्यासाठी जेसीबी चालणार. मॅडम उद्या बदलीवर नांदगावला. त्यांच्या जागी कोण, अजून ठरलेलं नाही. लताबाईला मी यातलं काही बोललो नव्हतो. समोरच बसलीय, आता कळलं तिला. खुणावतेय, "बसा खाली."

बसतो. मॅडम, गावानं तुमचा मान केला, तुम्ही आमचं ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. शुभप्रसंगी रडगाणं गायलो, अधिकउणं बोललो असेन तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. एवढंच करा, जाण्याआधी जोडणारा माणूस धाडा, आणि जोड झाला की लगेच कळवा. फोन चालू आहे, एवढ्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही.