शिवाचा शेवटचा डाव

आमच्या कॉलेजचा शिवा म्हंजे बॉल घेऊन सुटला की घावायचाच न्हाय. सकाळी तालमीत कुस्ती, दुपारी फुटबॉल. एकदा मुंबईच्या मिलचं साहेब त्याला बघायला आलतं. खेळ पसंत पडला की मिलच्या टीममध्ये जागा आणि पक्की नोकरी.

शेवटच्या मिनिटाला शिवा गोलपाशी पोचला. मधी एकच गडी, त्यानं शिवाची कंबर धरली. झालं. शिवानं बॉल सोडला, गड्याला उचलून पाठीवर पाडला आणि छातीवर बसला. आम्ही टोप्या उडवल्या. रेफ्री आमच्याच तालमीतला, त्यानं सवयीनं शिवाचा हात वर केला.

साहेब पळत आलं. "अरे, गोल कुठाय?"

शिवा म्हणाला, "चितपट केल्यावर गोल कशाला, साहेब?"