दोनच पत्ते

बाजीराव : …म्हनून म्हंतो, शालन, आण मोडत न्हाई. एकवीरेम्होरं मी तीन पत्ती सोडली. पोकरला हातात दोनच पत्तं देत्यात.

शालन : अवो, आईला काय गणित शिकवताय?

बाजीराव : ऐक तर. बाकीची पाच पानं मधी टेबलावर, सगळ्यांची सामाईक. खरी अक्कल पयल्या दोन पानांत. बरी आली तर खेळायचं, न्हाईतर टाकून गप बसायचं. समदं पाठ केलंय. हं, पिसून वाट. घे माझी परीक्षा.

शालन : तीन पत्तीत पिकप गेली. आता ह्ये चिक्कीचं दुकान तेवढं राह्यलंय, त्ये बी शनवारी तुंगार्लीच्या बंगल्यावर पोकरात घालवून या.

बाजीराव : अगं, दुकान न्हाई जात! वाट तू.

शालन : …राजा, दुर्री.

बाजीराव : टाकली. नुसत्या राजाला भुलायचं न्हाई.

शालन : गुलाम, चव्वी. दोनी बदाम.

बाजीराव : टाकली. एका रंगाची असली म्हून काय झालं?

शालन : सत्ती, दुर्री.

बाजीराव : हॅ! ह्याच्यापरीस वंगाळ हात न्हाई. टाकली. बघ, झालो का न्हाई शाना?

शालन : झालाय की. म्हनून तर जास्त भ्या वाटतंय.

बाजीराव : आता गं काय?

(शालन पत्ते खाली ठेवते.)

शालन : पिकप गेली, त्या डावाला हातात काय होतं?

बाजीराव : त्ये कशाला उकरतीस?

शालन : सांगा की. मला आपलं वाटायचं, कायतरी फालतू पानांवर घालवली आसंल.

बाजीराव : …तीन राजं.

शालन : तीन? आन म्होरच्याकडं?

बाजीराव : तीन एक्के.

शालन : म्हंजी ह्ये पाठांतर तवा आसतं, तरी तुमी खेळलाच आसता.

बाजीराव : तीन राजं कोन टाकतं, शालन? कुनीबी खेळलं आसतं.

शालन : मंग शनवारी दिवा लावून मी देवाला मागू तरी काय? तुमास्नी वंगाळच पत्तं येऊ देत म्हून?