दोरीचं दुसरं टोक

…आन वरून मलाच म्हनती, ‘भाऊ, तुमी जरा बाजूला व्हा!’ आता सांगा, शेत माझं, सातबाऱ्यावर नाव माझं, सिद्धोधन म्हनलं की अख्खं पेडगाव मला वळखतंय, आन ही मानवतची सुलाबाई, कुंपनाची ठेकेदार, मलाच माझ्या बांधावरून हाकलायली! राग येईल का न्हाई मानसाला? आला ना! लय आला. पन काय करता… बाईच्या कामाला नाव ठिवायला जागा न्हाई!

तुमाला सांगतो, कुंपन म्हंजी खेळ न्हाई. सलग तीन साल माझा हरभरा रोह्यानं, म्हंजी नीलगाईनं, खाल्ला. पेरायचं म्या, खुरपायचं बबितानं, आन घाटे धरायला लागले की पहाटं आठ-दहा रोही अशे रुबाबात यायचे, आमी आवतन धाडल्यावानी! बबिता म्हंजी आमची मालकीन. ती एक दिवस कमरंवर हात ठिऊन म्हनली, ‘औंदा कुंपन झालं न्हाई, तर म्या खुरपं हातात धरनार न्हाई. तुमी आन तुमचे रोही, बसा मिळून!’

मंग म्या लागलो अभ्यासाला. मोबाईलवर बगून बगून डोळे सुजले. आधी साड्या बांधल्या… आवो हो, जुन्या साड्या, शेताच्या कडंनी, समदेच बांधतेत. चार दिवस रोही लांबून बगत हुभे. पाचव्या दिवशी कळलं त्यांना, ह्यात बाई न्हाई! वरून बबिताची भाचीच्या लग्नातली साडी बी त्यात गेली, ते प्रकरन येगळंच, अजून मिटलं न्हाई. मंग काटेरी तार बगितली, तर रोही वरून उडी मारतंय आन डुक्कर खालून घुसतंय. लाकडाचे खांब? वाळवी. झटका मशीन? तिचा पयला झटका मलाच बसला, दुकानातच! परभनीचा दुकानदार म्हनतो कसा, ‘देखा साहब? एकदम चालू हालत में है!’

शेवटी सुलाबाईला बोलावलं. मला वाटलं, ठेकेदार म्हंजी कोनी मिशीवाला जीपमधून उतरंल. तर ही येष्टीतून उतरली, पदर खोचलेला, खांद्याला पिशवी, हातात पहार. मूठभर माती उचलली, चुरगाळली, आन एका दमात… ‘काळी हाय. उन्हाळ्यात भेगाळती, पोल वाकतेत. अडीच फूट खड्डा, खाली मुरूम, वर काँक्रीट. जाळी पाच फुटी, बुडाला अर्धा फूट मातीत गाडायची, डुकरासाठी. वर दोन पदर काटेरी, रोह्यासाठी. बोला.’ आठ महिन्यांचा माझा अभ्यास हिनं एका मुठीत संपवला! तरी म्या म्हनलं, ‘पन म्या एका व्हिडिओत असं…’ ‘भाऊ, बाजूला व्हा!’

सिमेंटचे पोल आले ट्रॅक्टरमधून, तर ही बाई एकेकाला दगडानं वाजवायली! कान लावायली! टक्… ‘चांगला.’ टक्… ‘आतून चिरलाय, परत न्या.’ अकरा पोल परत! म्या बी दोन-चार वाजवून बगितले, मला समदे सारकेच. गुमान मान हालवली. आन परत भरताना त्यातला एक मधूनच कडाडकन मोडला ना! तिनं वळून सुदा बगितलं न्हाई. कसला कान म्हनायचा… नाव ठिवायला जागा न्हाई!

इथवर समदं बेस. मंग बाई पलीकडच्या बांधावर गेली आन इचारलं, ‘शेजारी कोन?’

शेजारी म्हंजी माझा सख्खा मोठा भाऊ, धम्मानंद दादा. हातभर बांधापायी नऊ वर्षं बोलनं बंद. म्या म्हनायचो त्यानं बांध सरकवला, त्यो म्हनायचा म्या. समोर आलो तरी जयभीम सुदा न्हाई! म्या म्हनलं, ‘त्याचं काय काम? कुंपन माझं हाय.’ तर बाई पहार आडवी टाकून खालीच बसली की! ‘दोरीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं शेजाऱ्याच्या. त्याबिगर म्या पयला खड्डा घेत न्हाई. एकदा घेतला व्हता. शेजाऱ्यानं आठ दिवसांत समदं उपटून फेकलं. माझं काम उपटलेलं मला बगवत न्हाई, भाऊ.’

हरभरा वीतभर वर आलेला, बबिता खुरपं लपवून बसलेली… काय करता? गेलो! नऊ वर्षांनी भावाच्या दारात! सुकेशनी वहिनी पान्याचा तांब्या घिऊन हुबी, दादाचं तोंड पेपरात, आन म्या दारात नुसताच चपला काडायलो आन घालायलो. सुलाबाईच म्हनली, ‘दादा, दोरी धरायला चला.’ आन दादा उठला हो! पेपर ठिऊन उठला!

मोजनीचे जुने दगड दोन्ही टोकाला उकरून काडले, दोरी वढून धरली… आन म्या गार! बांध सरकलेला व्हता, हातभर… पन माझ्याकडून त्याच्याकडं! म्हंजी नऊ वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्याचीच जमीन म्या नांगरत व्हतो! म्या खाली मान घालून हुबा. वाटलं, आता दादा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करनार… मंग ध्यानात आलं, पिढ्या तर त्याच्या बी त्याच! दादानं दोरीकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन म्हनला, ‘सिद्ध्या, ढिली हाय. वढ.’

नऊ वर्षांतला पयला शब्द! लय लाज वाटली बगा, आन लय बरं बी वाटलं. डोळ्यातून घळाघळा पानी यायलं. तर तिकडून बाई वरडली, ‘भाऊ, रडायचं असंल तर टोक दुसऱ्याला द्या, लाईन हालायली!’

बसले पोल, हातभर माझ्याकडं सरकून, दोरीवर. एका टोकाला डोळा लावा, मागचा एक पोल दिसनार न्हाई! आन शेवटच्या दिवशी बगतो तर दादाच्या बाजूला जाळीत फाटक! म्या म्हनलं, ‘हे कुनी सांगितलं?’ ‘कुनी न्हाई. भाऊ-भाऊ काय रस्त्यानं फिरून येनार? सरका तिकडं, कडी बसवायची हाय.’

आता तुमी या, बगा. औंदा एक रोही आत न्हाई, एक डुक्कर न्हाई. बबितानं मनापासून खुरपलं, घाटे टचटचीत भरले. नाव ठिवायला जागा न्हाई! आन रोज दुपारी त्या फाटकाची कडी वाजती… दादा, वहिनी, सुना, नातवंडं, परवापासून वहिनीचं माहेर बी! बसतेत आन डहाळे खातेत! उपटायचे, सोलायचे, खायचे, जाताना पेंढी काखंत! निम्मा हरभरा गेला हो! बबिता हासत सतरंजी टाकायली, आन म्या कुन्या तोंडानं अडवू? नऊ वर्षं त्याच्या जमिनीत पिकलेलं म्या खाल्लंय. म्याच म्हनतो, ‘दादा, त्या कोपऱ्यातले घ्या, जास्त भरलेत.’

रोह्याला निदान हाकलता तरी येत व्हतं… ह्यांना म्याच कडी काडून देतो!