पेडलखालची चप्पल

नेरूळमध्ये बिल्डिंगा कमी आणि रस्ते जास्त होते, तेव्हाचं सांगतो. माझ्या मित्राचे, माधवचे, मामा आखातात गेले आणि त्यांची जुनी स्पोर्ट्स कार त्याच्याकडे ठेवून गेले. ऑटोमॅटिक. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की एक केबल ओढली जाते, गाडी आपणहून खालचा गिअर टाकते आणि झेप घेते, असं मामा सांगायचे.

झेप काही येईना. आम्ही केबल काढली, तेल दिलं, ताणून बसवली. तरी बैलगाडीच.

शेवटी मी पेडलखाली हात घातला, तर तिथे रबरी चपलेचा कापून चिकटवलेला तुकडा.

"मी लावलाय," माधवचे बाबा म्हणाले. "पाय जास्त खाली जायला नको. पेट्रोल काय नळाला येतं?"

तुकडा काढला. बाबा लक्ष ठेवायला पुढे बसले, मी मागे. मोकळ्या रस्त्यावर माधवने पाय तळाला टेकवला. गाडी क्षणभर मागे दबली, गुरगुरली आणि अशी सुटली की माझा श्वास तिथेच मागे राहिला.

गाडी थांबली. तुकडा बाबांच्या मुठीत होता. त्यांनी काच खाली केली, तो बाहेर भिरकावला आणि हळूच म्हणाले,

"माधव, उतर. मी चालवतो."