दोन बाटल्या एकदम

मासे सांभाळणं सोपं नाही बरं का. वैशाखरे गावात साहेबांच्या बंगल्यात मी राखणीला होतो, तिथे त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती. आतल्या पोवळ्यांसाठी सकाळी एका बाटलीतलं कॅल्शियम टाकायचं, संध्याकाळी दुसऱ्या बाटलीतलं अल्कलिनिटीचं, म्हणजे सोड्यासारखं, औषध. एकत्र कधीच नाही, पाण्यात चुनखडी होते. एकदा मी बाजारात गेलो आणि बायकोने काम उरकावं म्हणून दोन्ही एकदम ओतली. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"मासे दिसत नाय हो. मेले का?" ती रडायलाच लागली.

मी साहेबांना फोन लावून झालेलं सांगितलं.

"कोणी टाकलं?"

"मीच, साहेब."

साहेब म्हणाले, "ढवळू नका, निवळेल. माझ्याकडूनही एकदा असंच झालं होतं. तेव्हा मासे वाचले होते."

बायकोला हे सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाली, "मग तवा त्यांना कोण ओरडलं?"