सात मीटर हिरवं कापड

नाई, ते बटन दाबू नको. हात माघारी घे — मांडीवर ठेव. ठेवला? आता बोलतो. सकाळचा सेलूहून इथं नाचणगावले आला तू, धर्मेंद्रशेठ, दोनदा चहा झाला, अन् तवापासून एकच गोष्ट इचारून राह्यला — प्रेमदासकाका, मांडवामागं राजवाड्याचं चित्र कसं लावाचं. आवाज कुठून घ्याचा, नेट गेलं तं काय कराचं, हे नाई इचारलं. राजवाडा. परवा रक्षाचं लगन आहे, तुह्या सख्ख्या बहिणीचं, अन् सदाशिवराव कंबरेचं हाड मोडून वर्ध्याच्या दवाखान्यात पडले आहेत — बापाले मोबाईलवर जेवढं दिसन तेवढंच पोरीचं लगन. त्यायले राजवाडा पाह्याचा आहे का? काऊन हासला? मी हासण्यासारखं काही बोललो नाई.

पाह्य इकडं. या कॉम्प्युटरात दोन चौकोन आहेत. डाव्यात आपली तयारी, उजव्यात जे लोकायच्या मोबाईलवर लाईव्ह जाते ते. नव्या माणसाचं सारं ध्यान डाव्यात — इथं फुलं पाडू, तिथं नाव फिरवू, चांदण्या सोडू — अन् उजव्यात नवरदेव मानेपासून कापलेला जाऊन राह्यला, ह्याले पत्ता नाई. तुह्यासारखे पाच-सहा आले या वर्षात माह्याकडं. चार दिवस मोबाईलवर पाहून शिकलेले. सॉफ्टवेअर फुकट भेटलं म्हणून शिकणंही फुकट भेटते असं वाटते त्यायले. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस — पण तुह्या आत्याच्या लग्नात कॅसेटचा कॅमेरा खांद्यावर घेऊन सहा तास उभा होतो, बसलो नाई. तुह्या बाबानं सवता पाणी आणून देल्लं मले. घरातल्या गिलासात देल्लं. त्या काळी आमच्या माणसाले तसं कोणी देत नव्हतं — जाऊ दे, तुले नाई समजन ते.

अन् हे काय गुंडाळून आणलं — हिरवं कापड. सात मीटर. तुमच्या कापडाच्या दुकानातलंच असन, खपलं नसन. ह्या कापडासमोर माणूस उभा केला का मशीन हिरवा रंग खाऊन टाकते अन् त्या जागी आपण देऊ ते चित्र भरते. एवढं तं शिकला. मंग मले सांग, परवा रक्षाच्या हातात काय राह्यन? — सोनं म्हणते. अरे, चुडा. हिरवा चुडा, पार कोपरापर्यंत. अजून नाई समजलं? चार दिवस शिकला अन् हे नाई समजलं. मशीनले काय माहीत कापड कोणतं अन् बांगडी कोणती. त्याले हिरवं दिसलं, त्यानं खाल्लं.

कोणाचा फोन वाजला? — काऊन कट केला? कोणाचा होता — बाबाचा. मंग? ते उगाच इचारत राह्यतात, त्यायले काय समजते यातलं — हे असं माह्यासमोर बोलू नको. नाई, रागावलो नाई. पाणी दे तिकडचं.

मले कसं माहीत, असं इचारू नको. — इचारलं नाई? पाहून तं तसाच राह्यला. मेघाचं लगन होतं, माह्या पोरीचं, चार वर्षं झाले. अन् तुही काकू, धुरपता, नागपूरच्या दवाखान्यात. पोटाचं होतं तिले, उठता येत नव्हतं, मोबाईलवरच पाह्यणार होती लगन. बांगड्या तिनंच पाठवल्या, हिरव्यागार. घरातले म्हणत, आपल्यात पांढरी साडी राह्यते, हिरव्या बांगड्या कायले पाह्यजे — तं आयकलं नाई तिनं, पोरीचा हात भरलेला दिसला पाह्यजे म्हणे. मी नवीनच शिकलो होतो हे, तुह्यासारखाच, हात शिवशिवत होते. असाच हिरवा परदा लावला, मागं मोठा पांढरा स्तूप भरला. सकाळी पांढरा सदरा घालून सवता परद्यासमोर उभा राह्यलो, पाह्यलं — एकदम झकास. मंग मेघा आली, वंदना सुरू झाली, अन् माहा डोळा कॅमेऱ्याले. कॅमेऱ्यात सारं बराबर — परदा, पोरगी, बांगड्या. कॉम्प्युटर पाठीमागं. खिशात फोन वाजला, धुरपताचा. कट केला. परत वाजला, परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला तं मनात म्हणलं, हिले काय समजते यातलं, लाईव्हमंदी फोन करते — आयकलं? तेच बोल. तू आत्ता बोलला ते.

सायंकाळी दवाखान्यात गेलो. ती रागावली नाई. ती कवा रागावे नाई. म्हणे, लगन छान झालं जी. म्हणे, पोरीचे हात तेवढे नाई दिसले मले — मनगटाच्या वर नुसतं पांढरं, हार घातला तवा पंजे हवेतच होते. तेच सांगाले फोन केलता, म्हणे. मी म्हणलो, कॅमेऱ्यात आहेत, सारे आहेत, उद्या ते आणून दाखवतो तुले. तं म्हणे, आणजो. — उद्या मंग… नाई. राती गेली ती, नाई दाखवता आलं. कॅमेऱ्यातलं ते कार्ड या ड्रॉवरात आहे. मेघानं मांगितलं, तं भेटत नाई म्हणून सांगतलं तिले. मीच अजून पाह्यलं नाई.

तुले काऊन सांगून राह्यलो मी हे. राजवाडा शिकाले आलता ना तू.

तं आयक, पहिलं हे शिक. सदाशिवरावच्या मोबाईलमंदी जे दिसन तेच लगन, बाकी सारा तुहा खेळ. परवा एका माणसाले त्यायच्या पलंगापाशी बसव, अन् तिथून फोन आला का सारं सोडून उचल. चालू लग्नात उचल. कापड इथंच राहू दे. कॅमेरा घेऊन मीच येतो परवा सेलूले — तुह्यासाठी नाई येत, हे ध्यानात ठेवजो.

वाजला पाह्य परत. माह्याकडं काय पाह्यतो — उचल. इथं नाई, बाहेर जाऊन बोल. अन् जाता जाता दार लावून घेजो.