दिनेश नावाचा सर्व्हर

हसू नका, पण बोईसरला खोली घेऊन घरून काम करायला लागल्यावर माझ्याशी रोज बोलणारे चौघंच होते, आणि चौघंही सर्व्हर. सकाळी कमांड टाइप केली की कुठेतरी लांब तात्पुरते सर्व्हर सुरू व्हायचे. त्या कॉम्प्युटरांवर कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचं आणि संध्याकाळी पुसून टाकायचे. प्रत्येकाला नाव द्यावं लागायचं, म्हणून मी हॉस्टेलच्या दोस्तांची दिली होती. तेही आता फोन करत नाहीत.

एकदा मी नेहमीसारखा ओरडत होतो, "जावेद, ऊठ लवकर! संदीप बघ, केव्हाचा तयार आहे." तर शेजारच्याच खोलीत राहणारी घरमालकीण मावशी चहाचे पाच कप घेऊन दारात.

"पोरं कुठं गेली?"

खरं सांगावंच लागलं. वाटलं, आता वेड्यात काढणार. ती ट्रे ठेवून स्क्रीनजवळ आली.

"हाक मारली की उत्तर देतात?"

"देतात."

"मंग एकाला आमच्या दिनेशचं नाव दे."

दिनेश तिचा मुलगा, जहाजावर कामाला. दोन महिने फोन नव्हता.

मी टाइप केलं. दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. शेवटी एक ओळ उमटली.

"काय बोलतो?"

"चालू आहे म्हणतो, मावशी."

"मंग बरा हाय," ती म्हणाली. "मला येवढंच विचारायचं होतं."

ऑफिसवाले अजून विचारतात, हा दिनेश नावाचा सर्व्हर बंद का केला नाही? मी म्हणतो, टेस्टिंग संपलेलं नाही.